आमच्या अमेरिकनाचा गुडघा

बास्केटबॉल या खेळाशी माझं काही वैर नव्हतं. आता आहे. टीव्हीवर तो खेळ लागला की मी चॅनल बदलतो, आणि बदलण्याआधी पडद्याला दोन शब्द ऐकवतो. बायको म्हणते, "अरे, टीव्हीला ऐकू येत नाही." ज्यांना कान होते त्यांनी तरी कुठे ऐकलं?

आमचं घर सेमी-डिटॅच्ड आहे. दोन घरं, मधली भिंत सामाईक. एकात आम्ही राहतो. पलीकडचंही माझंच आहे. 'माझंच' हा शब्द मी जरा जोरात उच्चारतो, कारण या देशात मी आलो तो डॉक्टरीणबाईंचा नवरा म्हणून. बायकोला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मला तिच्यामागून डिपेंडंट व्हिसा मिळाला. माझी इंजिनिअरिंगची पदवी इथे कुणी उघडूनही पाहिली नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात "आणि आपण काय करता?" असं कुणी विचारलं की मी बटाटेवडा तोंडात कोंबायचो, म्हणजे बोलावं लागत नसे. पुढे बायकोची बदली झाली, आम्ही या गावात आलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे मी नव्यानं येणाऱ्या डॉक्टरांना भाड्याची घरं शोधून द्यायला लागलो. मग एक पडकं घर स्वतः घेतलं, स्वतः खरवडलं, रंगवलं, भाड्यानं दिलं. त्यातून दुसरं, मग तिसरं. एकही घर मी विकणाऱ्यानं सांगितलेल्या किमतीला घेतलेलं नाही. इंग्रज माणूस घासाघीस करत नाही असं आपल्याकडे समजतात. चांगली करतो. फक्त तिला घासाघीस म्हटलेलं त्याला आवडत नाही.

तर भिंतीपलीकडचं घर मी गावातल्या बास्केटबॉल क्लबला दिलं होतं. या क्लबांची एक पद्धत आहे. अमेरिकेतून खेळाडू आणायचा, त्याला दहा महिन्यांचा करार द्यायचा, राहायला घर द्यायचं, फिरायला एखादी जुनी फोर्ड द्यायची आणि पगार बेताचा ठेवायचा. परदेशी खेळाडू ठरावीकच घेता येतात, त्यामुळे त्यातली एकही जागा वाया गेलेली क्लबला परवडत नाही. हे मला सगळं क्लबच्या मॅनेजरनं सांगितलं. करार करायला आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत तो म्हणाला, "आमचा क्लब म्हणजे एक फॅमिली आहे. तुम्हीही आता त्या फॅमिलीतलेच." मी म्हटलं, "छान. मग फॅमिलीनं बॉयलरची सर्व्हिसिंग करायची की मी?" तो हसला. सर्व्हिसिंग त्याच्या गळ्यात घालूनच मी त्याला सोडला.

सप्टेंबरात आमचा अमेरिकन आला. पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं आणि हा बाबा चौकटीला सॉरी म्हणाला. एवढा उंच माणूस मी आयुष्यात जवळून पाहिला नव्हता. तो जिन्याखालून चालला की घर लहान झाल्यासारखं वाटे. बेडवर तिरका झोपायचा. मला 'सर' म्हणायचा, बायकोला 'डॉक'. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, इथे ते मराठीत लिहितो आहे.

आमची ओळख भांडणातून झाली. एका शनिवारी मी कुंपणावरून डोकावलो, तर हा मागच्या बागेत कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हिरव्या कचऱ्याच्या डब्यात उभा. कमरेपर्यंत आत. डब्यात बर्फ आणि पाणी, बाहेर अर्धा माणूस.

"ए! तो डबा कौन्सिलचा आहे!"

"मी धुतला होता, सर."

"धुतला? त्यात काल कुणाच्या कुत्र्याची घाण होती!"

तो शांतपणे म्हणाला, "म्हणूनच तीनदा धुतला."

मॅचनंतर दुसऱ्या दिवशी गुडघे सुजू नयेत म्हणून बर्फात बसावं लागतं, क्लबकडे बर्फाचा टब नाही, आणि बाथटबमध्ये त्याचे पाय मावत नाहीत, असं कारण निघालं. मी मॅनेजरला फोन करून टब मागितला. तो म्हणाला, "बजेट नाही." मी म्हटलं, "मग कौन्सिलला मी काय सांगू, तुमचा खेळाडू रिसायकलिंगमध्ये जातोय?" आठवड्यात शेतकी सामानाच्या दुकानातला एक मोठा प्लास्टिकचा पिंप आला. गुरांना पाणी ठेवतात तो. त्या दिवसापासून आमचा अमेरिकन मला वेगळ्या नजरेनं बघायला लागला. म्हणाला, "सर, मी आल्यापासून तो टब मागत होतो."

"कसा मागत होतास?"

"प्लीज म्हणून."

"तिथेच चुकलं."

मग तो संध्याकाळी येऊन बसायला लागला. बायकोच्या हातचा वरणभात त्याला आवडायचा, पण आधी त्यात प्रोटीन किती हे विचारायचा. त्याच्या बोलण्यातून मला त्याचा धंदा समजत गेला. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये जागा मिळते मूठभरांना. उरलेले जगभर पांगतात. हा फिनलंडमध्ये खेळला, तिथे दुपारी तीनला अंधार पडायचा. रुमानियात खेळला, तिथे नाताळानंतर पगारच आला नाही, तर खेळाडूंनी हॉटेलच्या नाश्त्यातली अंडी खिशात घालून दिवस काढले. सायप्रसमध्ये कोच मॅच चालू असताना सोडून गेला. उरुग्वेमध्ये लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि पुढच्या महिन्यात काढून टाकलं. प्रत्येक देशात घर क्लबचं, गाडी क्लबची, सिमकार्डसुद्धा क्लबचं. त्याचं स्वतःचं म्हणजे दोन बॅगा आणि पाय. तिशी ओलांडली होती. अजून तीन-चार सीझन खेळायचं, आईच्या घराचं कर्ज फेडायचं आणि मग शाळेतल्या मुलांना खेळ शिकवायचा, असा त्याचा बेत होता.

"आणि तुझा एजंट काय करतो?"

"मेसेज केला की अंगठा पाठवतो."

"आणि टक्का घेतो?"

"तो अंगठ्याच्या आधी घेतो, सर."

आमच्या मंडळालाही तो सापडला. गणपतीला त्याला बोलावलं, आणि कम्युनिटी हॉलच्या दारावर त्याच्याकडून शिडीशिवाय तोरण बांधून घेतलं. मोठे मोठे कन्सल्टंट डॉक्टर त्याच्या काखेखाली उभे राहून फोटो काढत होते. मोदक हातात धरून तो मला हळूच म्हणाला, "सर, आजवर सगळ्या देशांत मला वर ठेवलेली वस्तू काढून द्यायला बोलावतात. इथे पहिल्यांदा वर लावायला बोलावलं." मला ते आवडलं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

जानेवारीत एका मॅचमध्ये तो उडी मारून खाली आला आणि गुडघा मुरगळला. मी मॅचला होतो. शाळेच्या जिमपेक्षा जरा मोठा हॉल, शेजारच्या पोहण्याच्या तलावातून येणारा क्लोरिनचा वास, बाजूला कुणाचा तरी वाढदिवस चाललेला. तो उठला, लंगडला, पुन्हा खेळला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. क्लबच्या फिजिओनं पट्ट्या बांधल्या आणि दोन मॅच त्याला तसाच खेळवला. मग एका सकाळी गुडघा सरळ होईना. वाकलेला तो वाकलेलाच. थोडा हलवला, झटका दिला, की कधीतरी सुटायचा. क्लबनं स्कॅन केला, आणि मॅनेजर त्याला म्हणाला, "थोडी झीज आहे. वयाप्रमाणे."

माझी बायको रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या सांध्यांचे स्कॅन वाचते. त्यानं फोनवर तो स्कॅन दाखवला तेव्हा ती पोळ्या लाटत होती. हात पुसले, फोन घेतला, चष्मा वर केला आणि स्कॅन बोटांनी मोठा करून पाहिला.

"झीज कोण म्हणालं?"

"मॅनेजर."

"तो काय रेडिओलॉजिस्ट आहे? हे बघ, गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये एक गादी असते. ती फाटलीय आणि फाटलेला भाग सांध्यात अडकतोय. आत्ता ऑपरेशन केलं तर ती शिवता येईल, तीन-चार महिन्यांत तू उभा राहशील. असाच उड्या मारत राहिलास तर शिवायला काही उरणार नाही. मग खेळ विसर."

"आणि तुमच्या हॉस्पिटलात, डॉक?"

तिनं सरकारी हॉस्पिटलांच्या वेटिंग लिस्टचा अंदाज सांगितला. तेवढ्या काळात माणूस नवी भाषा शिकेल. म्हणजे ऑपरेशन खासगीत करायला हवं, आणि ते क्लबनं करायला हवं, कारण गुडघा क्लबसाठी खेळताना गेला होता. अमेरिकेत त्याचा विमा नव्हता. असा हिशोब तिसरीतल्या पोरालाही समजेल.

क्लबनं काय केलं? मंगळवारी मॅनेजरनं त्याला बोलावून सांगितलं, करार संपला, आभारी आहोत, रविवारी दुसरा अमेरिकन येतोय, त्याच्यासाठी शनिवारपर्यंत घर रिकामं कर. म्हणजे गुडघ्यासकट माणूस परत पाठवायचा, आणि त्याच गादीवर दुसरा झोपवायचा. क्लबनं हात काढला की व्हिसाही जातो. तो हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून सांगत होता, हवामान सांगितल्यासारखं. मी ओरडलो. तो नाही ओरडला.

"तुला राग येत नाही?"

"अशी पद्धत आहे, सर."

"पद्धत गेली खड्ड्यात! मी बोलू का त्याच्याशी?"

त्यानं खांदे उडवले. "बोला, सर."

हे शब्द मी नीट लक्षात ठेवले आहेत. बोला, सर, असं तो म्हणाला होता.

मी आधी मंडळातल्या एका ऑर्थोपेडिक सर्जनला फोन केला. आमच्या अमेरिकनाच्या काखेखालचा आपला फोटो यांनीच फेसबुकवर टाकला होता. म्हटलं, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की ऑपरेशन लवकर व्हायला हवं. ते म्हणाले, "हे पाहा, तुम्ही यात पडू नका. क्लबच्या स्पॉन्सरची मुलं आमच्या मुलाच्या शाळेत आहेत. आणि तो काय आपला माणूस आहे?" मी म्हटलं, "तोरण बांधताना होता ना?" फोन बंद झाला. त्यानंतर मी मंडळाची वर्गणी भरलेली नाही.

गुरुवारी आम्ही दोघं मॅनेजरला भेटायला निघालो. गाडीत पुढची सीट पार मागे सरकवली तरी त्याचा गुडघा डॅशबोर्डला टेकत होता. मी त्याला माझ्या मामाची गोष्ट सांगितली. माझा मामा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. तिथे भाव तोंडानं करत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडे सांगतात. चेहरा दगडासारखा ठेवायचा. आसपास पन्नास माणसं उभी असतात, पण भाव त्या दोघांनाच कळतो. आणि बाजाराचा एक कायदा आहे. दलालाचा हात रुमालाखाली असेतोवर जनावराच्या मालकानं तोंड उघडायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. मालकाच्या चेहऱ्यावर गरज दिसली की भाव पडला.

"समजलं? आत गेल्यावर तू बोलायचं नाहीस."

तो हसला. "सर, या गोष्टीत मी कोण? मालक की बैल?"

"मालक! गुडघा तुझा आहे!"

"ओके, सर."

मॅनेजर आम्हाला लेझर सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडासंकुलाच्या, कॅफेत भेटला. काचेपलीकडे लहान मुलांचा पोहण्याचा क्लास चालू होता, शिट्ट्या वाजत होत्या. त्यानं माझ्यासाठी चहा आणला, आमच्या अमेरिकनासाठी काही नाही. मी सुरुवात गोड केली.

"रविवारी नवा पाहुणा येतोय म्हणे."

"हो, फार गुणी मुलगा आहे."

"झोपणार कुठे?"

तो थबकला. "म्हणजे? घरात."

"त्या घरात हा राहतो."

"घर क्लबनं भाड्यानं घेतलंय."

"बरोबर. मग तुम्हीच याला बाहेर काढा. हा लंगडत दारात उभा राहील, तुम्ही त्याच्या बॅगा रस्त्यावर ठेवा, मी कुंपणावरून बघत राहीन. किल्ली माझ्याकडे मागू नका. किंवा नव्या मुलाला तुमच्याकडे झोपवा. फॅमिलीच आहे."

त्याला घाम फुटलेला मला दिसला. गावात फर्निचरसकट, थोड्या मुदतीसाठी, क्लबला परवडेल असं घर रविवारपर्यंत मिळणार नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण अशी घरं गावात आहेत ती बहुतेक माझीच. मी माझं मागणं सांगितलं. ऑपरेशन खासगीत, क्लबच्या खर्चानं, आणि गुडघा बरा होईपर्यंत व्हिसा आणि राहायला जागा. त्या बदल्यात नव्या मुलाला मी माझं दुसरं घर देतो, जुन्या भाड्यात.

"अशक्य," तो म्हणाला.

मी चहा ढवळला.

"स्कॅनचा खर्च आम्ही केलाय. अजून फार तर फिजिओथेरपी देऊ."

मी चहा प्यायलो.

"निम्मा खर्च. ऑपरेशनचा निम्मा."

मी काचेपलीकडच्या पोरांकडे बघत बसलो. एक पोरगी पाण्यात उतरायला तयार नव्हती, तिची आई तिला ढकलत होती. मला मनातून हसू येत होतं, पण चेहरा मामाचा होता. निम्म्यावर आलेला माणूस पूर्णावर येतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. मॅनेजरनं दोनदा आपल्या फोनकडे पाहिलं, उसासा टाकला, आणि उठत म्हणाला, "थांबा. मी मालकांना फोन करून येतो. बघतो काय करता येतं."

घास हातातोंडाशी आला होता. मी शपथेवर सांगतो, आला होता.

आणि आमचा अमेरिकन बोलला.

"तशी गरज नाही. खरं सांगायचं तर मला परतीचं तिकीट मिळालं तरी पुरे. शनिवारी मी जातो. क्लबनं मला चांगलं वागवलंय."

मॅनेजर फोन हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ त्याचा हात हातात घेतला. "तू पहिल्यापासूनच सज्जन आहेस. तिकीट आजच काढतो. आणि कुणी विचारलं तर तुझ्याबद्दल चांगलंच सांगीन."

कार पार्कमध्ये मी गाडीचं दार असं आपटलं की शेजारच्या गाडीतलं बाळ रडायला लागलं.

"का बोललास? सांग मला, का बोललास?"

"सर, तो फोन करायला चालला होता."

"मालकाला! हो म्हणायला!"

"आज मालकाला. उद्या दुसऱ्यांना." तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता, एक पाय वर धरून, बगळ्यासारखा. "मी जिथे जाईन तिथला मॅनेजर याला फोन करणार. माणूस कसा आहे, एवढंच विचारतात. गुडघा वाईट आहे म्हटलं तर चालतं, गुडघे सगळ्यांचेच वाईट असतात. कटकट्या आहे म्हटलं की संपलं. मग एजंट अंगठासुद्धा पाठवत नाही."

"जिथे जाईन? कुठे जाणार आहेस?"

मग बाहेर आलं. बाल्कनमधल्या एका गावातल्या क्लबला तातडीनं उंच माणूस हवा होता. तीन महिन्यांचं काम. निरोप बुधवारी आला होता. म्हणजे मी गुरुवारी रुमालाखाली हात घालायच्या आधीच यानं दुसऱ्या बाजारात पाय ठेवला होता, आणि मला चकार शब्द सांगितला नव्हता.

"आणि गुडघा? ते तपासणार नाहीत?"

"उंची बघतात. पळायला लावतात. पळेन मी. सुटतो तो झटका दिला की."

"डॉकनं काय सांगितलंय?"

"डॉकनं बरोबरच सांगितलंय, सर. पण डॉकला महिन्याच्या महिन्याला पगार आहे."

मी त्याला गाडीत बसवलं आणि घरी आणून सोडलं. आत आल्यावर सगळा राग बायकोवर काढला. म्हटलं, भाजीवाल्याशी भाव करत असताना मागून कुणी "घेऊया ना, छान आहेत" म्हटलं की कसं वाटतं, तसं नाही, त्याच्या शंभरपट. ती ऐकत होती, डबे आवरत होती.

"तू त्याला विचारलं होतंस का, त्याला काय हवंय?"

"विचारायचं काय? गुडघा हवाय!"

"गुडघा तुला हवा होता. त्याला पुढचं काम हवं होतं."

"पुढचं काम करणार कशावर? कानांवर?"

"मला माहितीये रे, त्याचं चुकतंय. मीच सांगितलं ना त्याला? पण तू त्याच्यासाठी भांडत होतास की मॅनेजरशी, हे मला अजून कळलेलं नाही."

मी म्हटलं, दोन्ही. दोन्ही एकाच वेळी करता येतं, बाजारात तेच करतात. ती म्हणाली, "बरं," आणि दिवा घालवून बाहेर गेली.  पण वैद्यकीयदृष्ट्या माझंच बरोबर होतं, हे तीही नाकारत नाही.

शनिवारी तो निरोप घ्यायला आला. मी वर होतो. बायकोला म्हटलं, मी घरी नाही असं सांग. तिनं मोठ्यानं सांगितलं, "वर आहे. रागावलाय." खालून त्याचा आवाज आला, "थँक्यू, सर!"  मी खिडकीतून पाहिलं, तो क्लबच्या गाडीत दुमडून बसत होता. आधी चांगला पाय, मग दोन्ही हातांनी उचलून दुसरा.

करार संपेपर्यंत मी क्लबला घर दिलं, कारण करार म्हणजे करार. संपल्यावर मॅनेजर पुन्हा चहाला आला. म्हटलं, यापुढे तुमचा जो खेळाडू माझ्या छपराखाली राहील त्याची दुखापत बरी होईपर्यंतची जबाबदारी तुमची, असं लिहून द्या, मग किल्ली घ्या. तो म्हणाला, "असं कुठलाच घरमालक मागत नाही." मी म्हटलं, "मग कुठल्याही घरमालकाकडे जा." आता तिथे नागपूरच्या दोन डॉक्टरणी राहतात. भाडं थोडं कमी येतं. येऊ दे.

बाल्कनमधल्या त्या क्लबच्या मॅचेस इंटरनेटवर दिसायच्या. मी बघत नव्हतो. बायको बघायची आणि मी तिच्या खांद्यावरून बघायचो. एकच कॅमेरा, कोपऱ्यात लावलेला, माणसं मुंग्यांएवढी. पण हा ओळखू यायचा. पहिल्या काही मॅचमध्ये तो बरा खेळला. मी म्हटलं, "बघ, सुटला गुडघा!" माझ्या आवाजात आनंद होता, तो मला आवडला नाही. मग एका रविवारी तो बॉलसाठी वर गेला, खाली आला आणि उठलाच नाही. बसून राहिला, पाय वाकवून, दोन्ही हातांनी गुडघा धरून. बायको पडद्याजवळ सरकली. "अडकला," ती म्हणाली. "या वेळी सुटायचा नाही." दोन माणसांनी त्याला उचलून कॅमेऱ्याबाहेर नेलं आणि खेळ सुरू झाला. मी त्या पडद्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पलीकडून नव्या अमेरिकनानं भिंतीवर ठोठावलं.

त्या क्लबनं त्याला तिकीट दिलं. तेवढंच. पुढे त्याचं ऑपरेशन झालं, खूप उशिरा, अमेरिकेत, चर्चच्या लोकांनी पैसे गोळा करून. शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं, फाटलेला भाग काढून टाकला. खेळ संपला. आता तो एका गोदामात काम करतो आणि शनिवारी शाळेतल्या पोरांना शिकवतो. हे तो मला फोनवर सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज अगदी स्वच्छ असतो. "छान गेलं सगळं, सर. नऊ देश पाहिले." त्याला कुणाचाही राग नाही. ना मॅनेजरचा, ना एजंटचा, ना त्या बाल्कनवाल्यांचा. त्याचा राग त्यानं कुठे ठेवलाय कुणास ठाऊक. त्याच्या वाट्याचाही मलाच करावा लागतो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याला भाड्यानं घर घ्यायचं होतं. तिथला घरमालक म्हणाला, आधीच्या घरमालकाशी बोलायचंय. आणि या माणसाला आधीचा घरमालकच नव्हता. दहा वर्षं नऊ देशांत राहिला, पण एकाही घरावर त्याचं नाव नाही. सगळी घरं क्लबची. त्याला ठाऊक असलेला घरमालक मी एकटाच.

"त्याला फक्त एवढं सांगा सर, की मी घर नीट ठेवलं होतं."

"नंबर दे," मी म्हटलं.

त्याच्या त्या घरमालकाशी मी चांगला अर्धा तास बोललो. भाडेकरू कसा आहे ते सांगायला एक मिनिट लागलं. बाकीचा वेळ त्याच्या इमारतीवर. त्याच्याकडे दोन जागा रिकाम्या होत्या. हा वरची मागत होता, ती स्वस्त होती, पण लिफ्ट नव्हती. तळमजल्याची महाग, कारण मागे अंगण. मी त्याला विचारलं, तळमजला किती दिवस रिकामा आहे? तो जरा अडखळला. मग मी सोडतो का? अनामत अर्धी करून घेतली, आणि तळमजला वरच्या भाड्यात. त्यानं शेवटी विचारलं, "तुम्ही याचे कोण?" मी म्हटलं, "घरमालक."

मी लगेच आमच्या अमेरिकनाला फोन लावला. सगळं सांगितलं. 

"थँक्यू, सर," तो म्हणाला. "पण वरचीसुद्धा चालली असती. मी त्याला काल तसं सांगितलंही होतं."

मी फोन आपटला.